पाच दुकानांचा अनुभव

आमच्या वहिनीला पालीची भीती वाटत नाही, अंधाराची वाटत नाही, माझ्या तोंडाची तर मुळीच नाही. पण दुकानाच्या पायरीवर तिची पाटी उभी राहिली त्या दिवसापासून दारात कुणाची सावली पडली की तिची पाचावर धारण बसायची. येणारं गिऱ्हाईक माझंच असायचं, कुणाची पँट आखूड करायची, कुणाचा ब्लाऊज उसवायचा. कपडे अल्टर करायचं माझं दुकान आहे आणि त्यातला अर्धा भाग मी वहिनीला दिला होता, लोकांचे हिशेब लिहून देण्याच्या धंद्यासाठी.

हिशेबाचा कोर्स ती पहिल्या वर्गात पास झाली होती. मग नोकरीसाठी वणवण केली. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, अनुभव आहे का? चाळिशी ओलांडलेली बाई "नाही" म्हणाली की समोरचा पुढचं ऐकतच नसे. शेवटी ती म्हणाली, "मग माझं मीच सुरू करते." दादा नुसतं "बरं" म्हणाला. मी म्हटलं, "कर की!" आणि टेबल दिलं. वर माझ्या फटकळ स्वभावाला जागून हेही म्हटलं, की उन्हाळा संपेपर्यंत एकही गिऱ्हाईक आलं नाही तर त्या जागेवर मी दुसरं शिलाई मशीन टाकणार. मला वाटलं, जरा धाक असला की माणूस हातपाय हलवतं. तिनं ते मनाला लावून घेतलं.

त्यात पाटी रंगवणाऱ्यानं घोळ घातला. "हिशेबाची सर्व कामे" एवढंच लिहायला सांगितलं होतं. त्यानं आपल्या मनानं खाली "अनुभवी" जोडलं. "सगळ्यांच्याच पाटीवर टाकतो, त्याचे जादा पैसे नाहीत," म्हणाला. वहिनी रडकुंडीला आली. पुसून देतो म्हणून गेला तो गेलाच. मग तिनं त्या शब्दासमोर एक कुंडी आणून ठेवली आणि मी तिला दिवसभर त्यावरून चिडवत राहिले.

गिऱ्हाईक येत नव्हतं, म्हणून ती कोर्सचं जाडजूड पुस्तक उघडून तीच ती उदाहरणं सोडवायची, मोठ्यानं बोलत. सोडवून झालं की लगेच पुस्तकाची शेवटची पानं उघडायची. उत्तरं तिथे होती. जुळलं की जीव भांड्यात पडायचा.

"अगं, पाठ झालंय तुला सगळं," मी म्हणायचे.

"झालंय. पण बघितल्याशिवाय धीर होत नाही."

उन्हाळा सरत आला आणि कुंडीतलं झाड वाळलं. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचे लॉन्ड्रीवाले काका काखेत फाइल मारून आले. मला वाटलं, माझ्याकडे काम असेल. पण ते सरळ वहिनीसमोर जाऊन बसले.

"पाटीवर वाचलं. अनुभवी आहात ना?"

वाळक्या काड्यांच्या आडून तो शब्द आता लख्ख दिसत होता. वहिनीनं कशीबशी मान हलवली.

"किती दुकानांची कामं केलीत?"

"पाच," वहिनी म्हणाली.

माझ्या हातातली कात्री थांबली.

"कुठली कुठली?"

"एक फर्निचरवाले आहेत. एक सायकलवाले. छापखाना एक. चहापत्तीचे घाऊक व्यापारी. आणि कापडाच्या धंद्यात दोघं भागीदार होते, ते वेगळे झाले, त्यांचंही मीच केलं."

या पाचही जणांना मी चांगली ओळखत होते, रोज ऐकत होते. पाचही जण त्या पुस्तकात राहत होते!

काका खुर्चीत पुढे सरकले. "भागीदार वेगळे झाले? मला त्यांच्याशीच बोलायचंय. जरा फोन लावून द्या."

मला राहवलं नाही. "मी लावते, माझ्या ओळखीचे आहेत ते," म्हणून मी फोन उचलला. दादाला लावायचा आणि हळूच म्हणायचं, घटकाभर कापडवाला हो. दादा फोनवर "बरं" याच्यापलीकडे काही बोलत नाही, पण तेवढ्यानंही भागलं असतं.

"नको, वन्सं," वहिनी म्हणाली. मनापासून चिडली की तेव्हाच ती मला वन्सं म्हणते. तिनं पुस्तक उघडून काकांपुढे सरकवलं. "हे ते भागीदार. खरं दुकान मी एकही केलेलं नाही, काका. तुमचं पहिलं असेल."

काकांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. एवढंसं उदाहरण, पण त्यांचं वाचून संपेना. आता हे उठणार, अख्ख्या बाजाराला सांगणार, उद्यापासून हिचंच काय, माझंही दुकान लोक टाळणार, असं मला वाटलं.

"हे दोघं वेगळे का झाले?" काकांनी विचारलं.

"ते दिलेलं नाही."

"आता बोलतात का एकमेकांशी?"

"तेही दिलेलं नाही."

काकांनी चष्मा काढला. "मी आणि माझा धाकटा भाऊ वेगळे होतोय. आमचा जुना हिशेबनीस मला त्याच्या बाजूचा वाटतो, त्याला माझ्या. म्हटलं, जे यातून गेलेत त्यांना विचारावं, वाटण्या झाल्यावर भाऊ घरी येतो का."

इस्त्री तापून वास सुटला होता. ती बंद करायचंही मला सुचलं नाही.

"मला नाही माहीत," वहिनी म्हणाली. "दुकान कुणाकडे, मशिनं कुणाकडे, कुणी कुणाला काय द्यायचं, एवढंच मांडता येतं मला. तेही चुकेल म्हणून भीती वाटते. माझ्या चुकीनं दोन भाऊ कायमचे तुटतील."

"मलाही तीच भीती आहे," काका म्हणाले. त्यांनी फाइल तिच्या पुढ्यात ठेवली. "उद्या त्यालाही घेऊन येतो. त्याच्यासमोरही असंच बोला."

ते गेले. मला ओरडून नाचावंसं वाटत होतं, पण वहिनीकडे बघितलं आणि जागीच बसले. तिला फाइलची नाडी सुटेना. मी सोडवून दिली. तिनं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि सवयीनं फाइल उलटून शेवटचं पान काढलं.

तिथे लॉन्ड्रीचं विजेचं बिल होतं, दोघा भावांच्या नावावर.

"मागे काहीच नाहीये गं," ती म्हणाली.

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.