कचेरीतला अंधार

आमच्या बारामती स्टेशनचा बत्तीवाला खऱ्या कंदिलांपेक्षा खेळण्यातल्या दिव्यांना जास्त जपे. गणपतीपुढे तो पुठ्ठ्याचं स्टेशन मांडी आणि खिडकीखिडकीत टॉर्चचे बल्ब पेटवी. अंधारी फक्त स्टेशनमास्तरांची कचेरी. यंदा मास्तरांनी सगळ्यांदेखत दरडावलं, "माझ्या कचेरीत दिवा लाव, नाहीतर नोकरी विसर!"

हा महापुरुष वात कातरावी तसा सावकाश बोलला, "सायेब, खऱ्यावरनं केलंय. तितं दिवा लावला, तर आत कोन तरी हाय आसं लोकास्नी वाटंल."

आम्ही हसू गिळलं. दुसऱ्या दिवशी मास्तर संध्याकाळच्या गाडीआधीच कचेरीत हजर, दिव्यासकट!

"आता तरी लावा की बल्ब," मी बत्तीवाल्याला म्हटलं.

"लावतो की. आधी ह्ये आठ दिस टिकतंय का बघू."