हेमराजच्या घड्याळातले चाक

१७ मे २०२३. चार माणसे.

वैनगंगेकाठच्या मोहाडघाट गावाच्या घाटावर त्या दुपारी पाच ढिवर डोहात जाळे ओढायला उतरले होते. परतला एकटा इसरू. नदी आटून खडकांमधल्या डोहांपुरती उरली होती. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सुटणार असल्याची दवंडी कोतवालाने आदल्या संध्याकाळी दिली होती आणि त्या सकाळी पुन्हा दिली होती: चारच्या आत सर्वांनी पात्राबाहेर यावे. पाचही जणांनी ती ऐकली होती. मोबाइल त्यांनी नेहमीप्रमाणे काठावरच्या करंजाच्या फांदीला पिशवीत टांगून ठेवले होते. पाण्यात मोबाइल नेणारा ढिवर तो एकदाच नेतो. वेळ पाहण्याचे काम हेमराज पचारेच्या मनगटावरच्या चावीच्या घड्याळाकडे होते. भरलेली टोपली काठावर टाकायला निघताना इसरूने वेळ विचारली. हेमराजने मनगट वळवून पाहिले आणि सांगितले, "आतं तर तीन वाजून राह्यले. अजून एक ओढ होते."

इसरू टोपली उतरवत असतानाच मागून पाण्याचा आवाज आला.

दवंडी वेळेवर झाली होती, पाणी सांगितलेल्या वेळीच आले होते. म्हणून गावाने या मृत्यूंचे कारण हेमराजच्या त्या एका वाक्यात शोधले आणि ते त्याच्या घराच्या दाराशी नेऊन ठेवले. मेलेल्या माणसाकडून खुलासा मागता येत नाही. त्याच्या बायकोकडून मात्र मागता येतो.

ब्रह्मपुरीच्या बसस्थानकाजवळ पत्रूजी ठेंगरी यांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे एका झेरॉक्सवाल्याच्या पायरीलगत ठेवलेले काचेचे कपाट आणि त्यामागचे स्टूल. पत्रूजींनी हे काम कोवळ्या वयात उचलले. त्या काळी लग्नात जावयाला घड्याळ चढत असे, आणि लग्नसराई संपली की तीच घड्याळे तक्रारी घेऊन त्यांच्याकडे येत. पुढे सेलची घड्याळे आली, मग मोबाइल आले. दुकानात येणारा माणूस पट्टा किंवा सेल मागू लागला; झाकण उघडून आत पाहण्याचे काम कोणी सांगेना. पोट भरत होते. पण ज्या हाताला केसाएवढी कमान सरळ करता येते, त्या हाताने दिवसभर पट्टे बदलावेत, यातला अपमान दारिद्र्याहून निराळा असतो. तो कोणाला सांगता येत नाही, कारण तक्रार करण्यासारखे वरकरणी काहीच घडलेले नसते.

अशा दिवसांत नागपूरचा प्रणित त्यांना शोधत आला. जुन्या, उंची स्विस घड्याळांच्या नकला तयार करून विकणे हा त्याचा धंदा. नकला म्हणूनच विकतो, असे तो सांगे. घेणारा पुढे आपल्या मित्रांना काय सांगतो, हे पाहणे त्याचे काम नव्हते. गिऱ्हाइके शहाणी झाली होती. त्यांना नुसते वरचे नाव पुरत नव्हते. आकड्यांच्या रेघांची जाडी, काट्यांचा निळा रंग, साठ-सत्तर वर्षांच्या उन्हाने डायलवर चढणारा पिवळेपणा, हे सगळे अस्सलाबरहुकूम हवे असे. आणि घड्याळाने वेळही अस्सलासारखीच दाखवायला हवी होती.

पत्रूजींनी या कामात जीव ओतला. भद्रावतीला आयुध निर्माणीच्या वसाहतीत जाऊन ते निवृत्तांच्या घरातली बंद घड्याळे मागून आणत. वरोऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे त्यांच्यासाठी डबा वेगळा ठेवलेला असे. चिमूरच्या यात्रेत जुन्या वस्तू विकणारा एक म्हातारा त्यांना नावाने ओळखू लागला होता. कोऱ्या चहाच्या वाफेवर धरून ते डायलला वय देत. पितळेच्या पत्र्यावर लोखंडाचा कीस तापवून त्यावर काटे ठेवत आणि निळा रंग चढताक्षणी उचलत. क्षणभर उशीर झाला तर तो करडा होतो. आणि अखेरीस घड्याळ तपासत ते सहा बाजूंनी: चित ठेवून, पालथे ठेवून, आणि चार प्रकारे उभे धरून. कारण टेबलावर चित पडलेले घड्याळ बहुधा शहाण्यासारखे वागते. त्याचा दोष ते मनगटावर उभे राहिले की उघडा पडतो.

प्रणित त्यांना कलावंत म्हणे. हा शब्द त्यांच्यासाठी आजवर कोणी वापरला नव्हता.

त्या मे महिन्याच्या आरंभी प्रणितने एका विशेष गिऱ्हाइकाचे काम दिले होते. घड्याळ रूपाने निर्दोष झाले होते, पण उभे धरले की मागे पडत होते. त्याच्या बॅलन्सच्या चाकाच्या, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या चाकाच्या, आसाची टोके झिजली होती. पत्रूजींनी सारे डबे पालथे घातले, भद्रावतीची एक खेप केली, वरोऱ्याला फोन केले. त्या जातीचे न झिजलेले चाक कोठेच मिळेना.

तेव्हाच हेमराज दुकानात आला. त्याच्या हातात बापाचे घड्याळ होते. त्याचा बाप बापूजी ते फक्त लग्नाला आणि बाजाराला घालत असे, आणि घरी आल्यावर काढून पेटीत ठेवत असे. हेमराज मात्र ते रोज घालत होता. घड्याळ चालू होते, वेळही बरोबर दाखवत होते. त्याला फक्त मागच्या झाकणाचा रबर बदलून हवा होता.

"पाण्यात घालून जातो म्या, भाऊ," तो म्हणाला. "आत पाणी नाई गेलं पाह्यजे."

"नाई जात," पत्रूजी म्हणाले. "परवा घेऊन जाजो."

झाकण उघडून त्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि बराच वेळ काढलेच नाही. प्रणितच्या घड्याळाच्या पोटातले यंत्र नेमके याच जातीचे होते. बापूजीने पेटीत जपलेले बॅलन्सचे चाक कालच कारखान्यातून निघाल्यासारखे फिरत होते.

माणूस चोरी करताना सहसा तिला चोरी म्हणत नाही. पत्रूजींनी स्वतःला सांगितले की ही अदलाबदल आहे. ढिवराला दोन-चार मिनिटे इकडची तिकडे झाल्याने काय बिघडते? त्यांनी हेमराजचे चाक काढून प्रणितच्या घड्याळात बसवले आणि प्रणितच्या घड्याळातले झिजलेले चाक हेमराजच्या. नकलेचे घड्याळ त्यांनी सहाही बाजूंनी, फिरवून फिरवून तपासले. हेमराजचे घड्याळ टेबलावर चित ठेवले, दुसऱ्या दिवशी ते बरोबर वेळ दाखवत असलेले पाहिले, आणि कागदात गुंडाळले. त्याला उभे धरून पाहायला भरपूर अवकाश होता. पाहिले तर काय दिसेल हे ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी पाहिले नाही.

रबर मात्र त्यांनी चांगल्यातला चांगला बसवला.

हेमराज घड्याळ घेऊन गेला आणि लगेचच्या आठवड्यात, ते बांधून तो पहिल्यांदाच जाळे ओढायला उतरला तेव्हा, ही घटना घडली. पत्रूजींनी बातमी चहाच्या टपरीवर वाचली. नावाशी ते थबकले. बातमीत घड्याळाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे त्या दिवशी त्यांना फक्त हळहळ वाटली. पाऊस सरल्यावर हेमराजची बायको गिरजा दुकानात आली, तेव्हा ती हळहळ संपली.

तिने पदराच्या गाठीतून घड्याळ काढून काचेवर ठेवले. शवागारात त्याच्या मनगटावरून काढून दिलेले ते तसेच होते. मग तिने सगळे सांगितले: घाटावरचे ते वाक्य, इसरूची साक्ष, तिच्या घरी पाणीसुद्धा न पिणाऱ्या, मेलेल्या बाकी तिघांच्या घरच्या बायका, शाळेत एकटी बसणारी मुलगी साधना.

"ते मनानं नाई बोलले, भाऊ. घड्याळ पाहूनच बोलले. घड्याळ बरोबर होतं का नाई, तेवढं सांगून द्या. तुमी या कामातले मोठे माणूस आहा."

पत्रूजींनी चावी दिली. घड्याळ चालू झाले. आत पाण्याचा थेंबही गेलेला नव्हता. त्यांनी गिरजाला उद्या यायला सांगितले. ती गेल्यावर घड्याळ खिळ्याला टांगले, जाळे ओढणाऱ्याच्या हातावर राहते तसे उभे, आणि समोर बसून राहिले. एका सकाळीत ते जवळजवळ तासभर मागे पडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एवढेच सांगितले की घड्याळ मागे पडते. गिरजाच्या चेहऱ्यावर जे आले त्याला आनंद म्हणता येणार नाही. पण खूप दिवसांनी तिने श्वास पूर्ण घेतला असावा. तिने विचारले की हे मोहाडघाटला चार माणसांत सांगाल का. त्यांना नाही म्हणता आले नाही. घड्याळ तिने त्यांच्याकडेच ठेवले.

मच्छीमार संस्थेची सभा समाजमंदिरात भरली. अध्यक्ष श्रावणभाऊ यांनी पत्रूजींना मान देऊन खुर्चीवर बसवले. पत्रूजी उभे राहून म्हणाले की घड्याळ त्यांनी तपासले आहे, ते जुने आहे, ते मागे पडत होते. हेमराजने पाहिले तेव्हा त्यात तीनच वाजले असणार. एवढे बोलून ते बसले.

मग मंगलीबाई, जिचा धाकटा मुलगा त्या चौघांत होता, भिंतीला टेकूनच म्हणाली, "घड्याळाचा भरोसा नव्हता, तं माह्या पोराले काऊन थांबवलं मंग?"

इसरूने मान खाली घालूनच तिला दुजोरा दिला. रोज हातावर बांधणाऱ्याला आपले घड्याळ मागे पडते हे माहीत नसेल काय, असे तो म्हणाला. कोणी पाठीमागून टोमणा मारला की हेमराजचे घड्याळ त्याच्याच चालीने चालत असे. काही जण हसले. गिरजाने पत्रूजींकडे पाहिले. तिला अजून आशा होती की ते आणखी काही सांगतील.

पत्रूजी बोलले ते सगळे खरे होते. त्या खऱ्यातून त्यांनी फक्त स्वतःला वगळले होते, आणि रिकामी राहिलेली ती जागा सभेने मृत माणसाने भरून काढली. सभेआधी हेमराजवर चूक केल्याचा ठपका होता. सभेनंतर तो निष्काळजीपणाचा झाला.

मोहाडघाटात एक रीत आहे. उन्हाळ्यात गावतलावाची सामायिक ओढ होते, तेव्हा वाटणी करण्याआधी पाण्याने नेलेल्या माणसांच्या घरांचा हिस्सा पळसाच्या पानांवर वेगळा काढतात. मासळी थोडीच असते, पण तो हिस्सा म्हणजे मेलेला अजून आपल्यातला आहे, असे गावाने म्हणणे असते. पुढच्या ओढीला तीन पाने मांडली गेली. चौथे पान गिरजाने घरून आणले होते. ते तिने पदराखाली तसेच परत नेले.

ही गोष्ट कानावर आली तेव्हा पत्रूजींनी प्रणितला फोन केला आणि ते घड्याळ काही दिवसांसाठी परत मिळेल का, असे विचारले. ते चाक मूळ जागी बसवले म्हणजे काहीतरी फिटेल, असे त्यांना वाटत होते.

"पोरगी सासरी गेली ना, पत्रूभाऊ," प्रणित हसून म्हणाला. "आतं परत मागून राह्यले का?" मग त्याने सांगितले की गिऱ्हाईक बेहद्द खूश आहे, असे वेळ पाळणारे घड्याळ त्याच्याकडच्या अस्सलांतही नाही. पत्रूजींनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी प्रणितचे काम घेतले नाही. पण त्यामुळे कोणाचेच काही बदलले नाही.

गिरजा घड्याळ न्यायला आली ती घटनेनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर. साधनाला शाळेत घालायला द्यावे म्हणते, असे ती म्हणाली. पत्रूजींनी घड्याळ हातात घेतले, पण ते तिला देता येईना.

"चाक म्या काढलं होतं, बाई," ते म्हणाले. "हेमराजचं चांगलं होतं. ते दुसऱ्याच्या घड्याळात लावलं, अन् त्याचं घासलेलं यात बसवलं."

"त्यायले सांगतलं होतं?"

"नाई."

"पाण्यात घालून जातेत, हे मालूम होतं तुमाले?"

"मालूम होतं. त्यानंच सांगतलं होतं."

रस्त्यावरून एक बस वळून स्थानकात गेली. गिरजाने घड्याळ त्यांच्या हातातून घेतले, त्याकडे पाहिले, आणि गाठीत बांधले. ती रडली नाही, तिने शापही दिला नाही. पत्रूजींनी त्याचीच तयारी ठेवली होती.

"मले सांगून काय होते, भाऊ," ती म्हणाली. "म्या त्यायच्यावर कधी शंका घेतलीच नाई. हे तेथी सांगा, मोहाडघाटले."

"सांगतो."

"कधी?"

"ओढीच्या दिवशी येतो."

ओढीच्या दिवशी पत्रूजी धुतलेला सदरा घालून सकाळीच स्थानकावर गेले. मोहाडघाटची बस लागली. ते पायरीपर्यंत गेले, दांडा धरला. कंडक्टरने विचारले, "चढता का, बाबाजी?" मागे माणसे उभी होती. त्यांनी दांडा सोडून त्यांना वाट दिली. सगळी माणसे चढली, बस गेली, आणि ते दुकान उघडायला परत आले. त्या दिवशी त्यांनी दोन पट्टे बदलले.

मोहाडघाटच्या तलावात ओढ पार पडली. तीन घरांचे हिस्से पळसाच्या पानांवर वेगळे निघाले. हेमराज पचारेच्या घराचा हिस्सा निघालेला नाही, आणि पत्रूजी ठेंगरी यांनी गिरजाबाईला जे सांगितले, ते समाजमंदिरात सांगणे अजून बाकी आहे.