शिडं उतरवणाऱ्या शिरोडकर बाई

युनूसभाईंचा फोन आला तेव्हा मी मोशीच्या बसथांब्यावर उभा होतो. ‘‘जाधव, आपल्या बाई गेल्या...’’ एवढंच बोलले आणि त्यांनी फोन ठेवला. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वी याच माणसाची नोकरी बाईंनी एका इंग्रजी शब्दावरून वाचवली होती. गेले काही आठवडे मला ते दिवस सारखे आठवताहेत, आणि खरं सांगतो, रडू येण्याआधी अंगावर काटा येतो!

शिरोडकर बाई चिंचवडच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथं रोज नवी कंपनी उभी राहत होती. बीड, लातूरकडून आलेली माझ्यासारखी पोरं मशीनवर उभी राहायची, पण मशीनवरचं इंग्रजी वाचता यायचं नाही. बाई संध्याकाळी घराच्या पडवीत आम्हाला फुकट शिकवायच्या. आम्ही शब्दाचा अर्थ विचारला की त्या आधी त्याचं जन्मगाव सांगायच्या, हातवारे करत, डोळे मोठे करत... शब्द म्हणजे जणू त्यांच्या नात्यातली माणसं.

त्याच सुमारास आमच्या कंपनीत संप झाला. पहिल्याच दिवशी गेटवर रेटारेटी झाली, त्यात एका फोरमनचं डोकं फुटलं. संप मिटला, पण माझ्याबरोबर मशीनवर असणाऱ्या युनूसभाईंना चार्जशीट मिळाली आणि घरी बसवलं. फोरमनला मारलं, असा आरोप. घरात म्हातारी आई, दोन लहान मुली. इन्क्वायरीत त्यांच्या बाजूनं बोलायला त्यांनी मला नेलं. पहिल्या दिवशी सुपरवायझरची साक्ष झाली. मद्रासकडचा भला माणूस, मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्याला युनूसभाईंबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘ही स्ट्रक विथ द रेस्ट.’’ कारकुनानं मराठीत लिहून घेतलं, ‘याने इतरांबरोबर मारले.’ चौकशी मारहाणीचीच, त्यामुळे ती घेणाऱ्या अधिकाऱ्यांनाही तोच अर्थ पटला. युनूसभाई पांढरे पडले. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘‘जाधव, खुदा की कसम, मी हात उचलला नाही. हा माणूस खोटं का बोलला?’’

मलाही तेच कळेना. आम्ही तसेच बाईंकडे गेलो. मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तर बाई ताडकन उठल्या. ‘‘अहो, तो खोटं बोललाच नाही!’’ म्हणाल्या, स्ट्रक म्हणजे स्ट्राइकचाच भूतकाळ, आणि या शब्दाचा पहिला अर्थ मारणं नव्हताच. हळुवार हात फिरवणं, अलगद पुढे जाणं, असा होता. पुढे तो हात जड झाला आणि ठोसा झाला. मग खलाशी शिडं खाली उतरवण्यालाही तोच शब्द वापरू लागले. लंडनच्या खलाशांना मजुरी वाढवून मिळेना, तेव्हा त्यांनी जहाजांची शिडं उतरवून ठेवली. हे सांगताना बाईंनी काठी घेतली आणि दांडीवर वाळत घातलेलं लुगडं सर्रकन खाली ओढलं. ‘‘हे बघा, शीड उतरलं! आता जहाज हलेल? तेव्हापासून काम थांबवणं म्हणजे स्ट्राइक. आणि आपला संप? त्याचा जुना अर्थ एकी! त्यांनी शिडं उतरवली, आपण एक झालो...’’ युनूसभाई लुगड्याकडे बघतच राहिले. ‘‘मग बाई, मी काय केलं?’’ ‘‘तुम्ही शीड उतरवलंत, युनूसभाई! जाधव, उद्या त्याला एकच प्रश्न विचारा. ‘मारलं, तर कोणाला?’’’

बाहेरच्या माणसाला इन्क्वायरीत मज्जाव होता. तरी दुसऱ्या दिवशी बाई रजा काढून गेटबाहेर उन्हात उभ्या राहिल्या. आत गेल्यावर साक्षीदाराला पुन्हा बोलवा, असं मी म्हटलं. अधिकारी वैतागले, पण बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबलोकांसमोर इंग्रजी बोललो, ‘‘सर, स्ट्रक हूम?’’ सुपरवायझर गोंधळला. ‘‘हूम? नोबडी! ही स्टॉप्ड वर्क. लाइक ऑल ऑफ देम.’’ कारकुनाचं पेन थांबलं. अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली.

युनूसभाई गेटकडे धावतच सुटले. ‘‘बाई, नोबडी! नोबडी म्हणाला!’’ बाईंनी तिथंच टाळ्या वाजवल्या. रखवालदारही हसायला लागला. आठवड्याभरात युनूसभाई कामावर हजर झाले आणि त्याच कंपनीतून निवृत्त झाले.

परवा नातीबरोबर क्रिकेट बघत होतो. ती म्हणाली, ‘‘आजोबा, याचा स्ट्राइक रेट बघा!’’ मी दचकलोच. खलाशांचा शब्द इथं कसा आला? की हा त्या जड हाताकडून आला? मी तिलाच विचारलं. ‘‘आधी बॉल तर बघा हो!’’ ती ओरडली. बाई असत्या तर त्यांनी तिला टीव्ही बंद करायला लावला असता... मी आतल्या खोलीत गेलो, चष्मा पुसला आणि डिक्शनरी उघडली. थोड्या वेळानं पाहतो तर मॅच सोडून नात शेजारी येऊन बसलेली. ‘‘मिळालं का?’’