डेअरीच्या मागच्या खोलीतल्या सिंधू सिस्टर

सिंधू सिस्टर गेल्याचं मला सकाळच्या दूधसंकलनाच्या वेळी कळलं. बीडहून त्यांच्या भाचीचा फोन आला तेव्हा दुधाचं फॅट मोजायची नळी हातात होती. ती तशीच खाली ठेवली आणि रांगेतल्या बायांना सांगितलं. कुणी मोठ्यानं रडलं नाही. एकीनं कॅन खाली टेकवून पदर डोक्यावर ओढला, मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच... घरी येऊन बायकोला, सत्यभामेला, सांगितलं तर ती मात्र आई गेल्यासारखी रडली. मला नवल वाटलं. गावाच्या नर्सबाईसाठी एवढं? त्याचं कारण तिनं मला सिस्टरांच्या दहाव्यानंतर सांगितलं. ‘त्या नसत्या तर मी आज नसते,’ म्हणाली. ते ऐकल्यापासून हे लिहायचं मनात आहे.

सिस्टर आमच्याकडं बदलून आल्या तेव्हा मी दूध सोसायटीचा नवाकोरा सचिव होतो. गाव तेलगावच्या पलीकडं, दसरा झाला की अर्धं ऊसतोडीला जाणारं. सिस्टर अंगानं बुटक्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांचं उपकेंद्र होतं पाराच्या बरोबर समोर. पारावरच्या मंडळींना दिवसभर दुसरा उद्योग नव्हता; कुठली बाई पायरी चढली हे संध्याकाळपर्यंत तिच्या सासूला पोचायचं. लेकराला डोस पाजायला आली तर ठीक, एकटी आली की संशय. त्यामुळं पाळणा लांबवायच्या गोळ्या कपाटातच पडून राहायच्या. मग दुष्काळ पडला. निम्मी जनावरं चारा छावणीला गेली, दूध आटलं आणि डेअरीच्या मागची पशुखाद्याची खोली रिकामी झाली. एके दिवशी सिस्टर ती बघून आल्या आणि माझ्या टेबलापुढं उभ्या राहिल्या.

‘सचिवभाऊ, ही खोली मला बुधवारी देत जा.’

‘कामून? सरकारनं बांधलेलं उपकेंद्र हाय की.’

‘तिथं यायला बाईला कारण लागतं. इथं ती दोन टाइम येतेच. हातात कॅन असला की तिला कुणी विचारत नाही.’

मी चेअरमनकडं बोट दाखवून मोकळा झालो. चेअरमन जुन्या वळणाचा गडी. मला म्हणाला, ‘बुधवारी जनावरांचा डॉक्टर म्हशी गाभण करायला येतो, अन् त्याच दिवशी ही बाई बायांना उलटं शिकवणार. लोकं हसतील की.’ लोक हसलेच. पण सिस्टर रोज सकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसायला लागल्या तेव्हा आठव्या दिवशी त्यानं हात टेकले. खोलीला चुना मी स्वतः मारला आणि त्याची फुशारकी पुढं कैक वर्षं मारली. नवी सिस्टर आजही बुधवारी तिथंच बसते.

पहिल्याच वर्षी घोळ झाला. तोडीला निघालेल्या बायांना सिस्टरांनी सहा महिन्यांची सहा पाकिटं दिली. नियमानं एका वेळी एकच द्यायचं. सहा मिळावीत म्हणून त्या तालुक्याच्या साहेबांशी भांडल्या होत्या. ‘साहेब, कारखाना काय दर महिन्याला सुट्टी देतो का?’ एवढं विचारून तिथंच बसून राहिल्या आणि पाकिटं घेऊनच उठल्या. पण उसाच्या फडावरची रीत वेगळी. तिथं एकीची भाकरी तर दुसरीचं कालवण, मिरचीसुद्धा वाटून खायची. शेजारच्या कोप्यांतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतल्या, बायांनी गोळ्यांचं विचारलं आणि आमच्या बायांनी त्याही वाटून टाकल्या. ‘एकटीनंच कसं खावं? बरं दिसतंय का?’ असं त्यांचं म्हणणं. कुणालाच पुऱ्या पडल्या नाहीत. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळी परत आली तेव्हा तिघींना दिवस गेलेले. पारावर लई हसणं झालं. सिस्टर त्या दिवशी खोलीचं दार लोटून रडल्या. मग तोंड धुऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘चूक त्यांची नाही, माझी. मी एकेकीला शिकवलं, टोळीला शिकवलं नाही.’ पुढच्या दसऱ्याआधी त्यांनी मुकादमाच्या बायकोला हाताशी धरलं, सगळ्या टोळीला एकत्र बसवलं आणि वाटूनही उरतील एवढी पाकिटं दिली. ज्यांना रोजची गोळी जमणार नव्हती त्यांनी तांबी बसवून घेतली. त्यानंतर पारावरच्यांना हसायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं.

आता माझं. त्याच दुष्काळात आमची दुसरी मुलगी झाली आणि सत्यभामेला एवढा रक्तस्राव झाला की अंबाजोगाईला नेईपर्यंत ती पांढरीफटक पडली. रक्त चढवलं, वाचली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तीन-चार वर्षं तरी दिवस जाऊ देऊ नका, नाहीतर बाई हाती लागायची नाही. मी मान हलवली. घरी आई म्हणाली, आता नातू पाहिजे. मी तिथंही मान हलवली. असा मी दोन्हीकडं मान हलवणारा माणूस. वर्ष गेलं, दोन गेली, काही राहिना... तेव्हा मी चक्क सिस्टरांनाच गाठलं. ‘आमच्या घरात काही राहत न्हाई. एखादं औषध असंल तर द्या.’ त्यांनी चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. लाल गोळ्यांची पुडी काढून दिली. ‘या रक्ताच्या. तुमच्या हातानं रोज द्या. दुधासोबत नको, लिंबाच्या पाण्यासोबत. वहिनींच्या अंगात रक्त भरू द्या, बाकीचं नंतर.’ मी इमानदारीनं दिल्या. आणि त्याच दिवसांत माझ्या टेबलापासून दहा पावलांवर, मीच चुना मारलेल्या खोलीतून, सत्यभामा दुसऱ्या गोळ्या नेत होती. चार वर्षांनी अंगात ताकद आल्यावर तिनं त्या आपणहून थांबवल्या. तिसरी मुलगी धडधाकट झाली, आईही धडधाकट राहिली. त्यानंतर आता ऑपरेशन, असं तीच म्हणाली. आज तिन्ही लेकी आपापल्या संसारात आहेत आणि त्यांची आई त्यांच्याकडं भांडायला-रुसायला जाते, याहून मला जास्त काय पाहिजे?

हे सगळं तिनं गोठ्यात म्हशीला पेंड घालताना सांगितलं. मी विचारलं, आईचा हात घरात सगळीकडं फिरायचा, मग पाकिटं ठेवायचीस कुठं? तिनं पेंडीच्या डब्याकडं बघितलं. मी दूध सोसायटीचा सचिव, पण घरच्या म्हशीला कधी मूठभर पेंड घातली नव्हती, आणि आईचे गुडघे दुखायचे म्हणून ती गोठ्यात उतरायची नाही. पिशवीत बांधून आत खोल ठेव, असं सिस्टरांनीच सांगितलं होतं म्हणे.

‘मला सांगायचं की,’ मी म्हणालो.

‘सांगितलं असतं तर आत्याबाईपुढं तुमी हो म्हणला असता?’

हो म्हणून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. पण समोर ती उभी होती, साठी ओलांडलेली, हातात घमेलं धरून... तिच्याशी खोटं बोलवेना.

‘न्हाई,’ म्हणालो.

‘सिस्टर बी त्येच म्हणल्या होत्या.’

त्या दिवसापासून सकाळची पेंड मी घालतो.