दोन बोटांचा फरक

अण्णांच्या हातातून पिकअपची किल्ली मीच काढून घेतली, हे आधीच कबूल करते. अण्णा म्हणजे माझे वडील. त्या दुष्काळात ते जुन्या पिकअपवर हजार लिटरची टाकी बांधून पडेगावच्या एका विहिरीवरून पुंडलिकनगरच्या पुढच्या नव्या इमारतींना पाणी पोचवायचे. इमारती धडाधड उठत होत्या, नळ मात्र कागदावरच होते.

उन्हाळ्याच्या तोंडावर गाडी मागून झोले खायला लागली. "गाडी मागून सरकायली," अण्णा सांगायचे. मेकॅनिक म्हणाला, टाकीतलं पाणी हेलकावतंय. शॉकअप बदलले, टायरची हवा तपासली, फरक शून्य. मग एकदा ब्रेक दाबताच गाडी उजवीकडं ओढली गेली आणि एक स्कूटरवाला थोडक्यात बचावला. माझं डोकं फिरलं. "वय झालं तुमचं, हात राहिला नाही आता," असं मी तोंडावर बोलले आणि किल्ली घेतली.

अण्णा भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते दारात बसून राहायचे. "झालं आसंल वय," एवढंच म्हणायचे. आपण आपल्या बापाला म्हातारं केलं, असं मला वाटायला लागलं.

रविवारी रिकामी टाकी घेऊन मी स्वतः गाडी चालवली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागचा भाग एकीकडं, ब्रेक दाबला की दुसरीकडं. माझे हात तर तिशीतले होते! आणि हेलकावायला टाकीत थेंबभर पाणी नव्हतं.

मी बांधकामाच्या साइटवर मोजमापं घेणारी बाई. अंदाजावर माझा विश्वास नाही. विहिरीजवळ सांडलेल्या पाण्याच्या चिखलातून गाडी सरळ काढली, कोरड्या जमिनीवर ब्रेक मारला आणि उतरून ठसे पाहिले. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांच्या डावीकडं पडले होते. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. मग गवंड्याची दोरी काढली आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी ताणली. डावीकडचं अंतर दोन बोटं जास्त भरलं. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा दोन बोटं. मी त्या चिखलात एकटीच टाळ्या पिटल्या.

मेकॅनिकच्या समोर उभी राहून मागच्या डाव्या चाकावरचे पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, खोलायला लावले. पाटे एकत्र धरणारा आणि चाकांचा दांडा जागेवर ठेवणारा मधला बोल्ट तुटून दोन तुकडे झाला होता. दांडा मोकळा, म्हणून मागंपुढं सरकत होता.

"ताई, दुष्काळात समद्या पाणीवाल्यांच्या गाडीला भार पेलायला एक पाटा वाढवतो आम्ही," तो म्हणाला.

"आणि वाढीव पाट्याला लांब बोल्ट नको?"

"लाइन लई व्हती. जुनाच बसवला." त्यानं मान खाली घातली. मग मात्र माझ्यादेखत दोन्ही बाजूंना लांब बोल्ट बसवले. मी पुन्हा दोरी ताणली. दोन्ही बाजू सारख्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना काही न सांगता किल्ली दिली आणि शेजारी बसले. टाकी काठोकाठ भरलेली. उतारावर अण्णांनी वेग घेतला, मुद्दाम कचकन ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर उभी राहिली. त्यांनी पुन्हा तसंच केलं, मग तिसऱ्यांदा. ते हसायला लागले. किती दिवसांनी हसत होते! मला रडूच फुटलं.

"बोल्ट तुटला होता. तुम्ही बरोबर होता, अण्णा. मी चुकले."

"व्हय, चुकलीस," ते म्हणाले. पहिल्या इमारतीपाशी टाकी रिकामी होताच त्यांनी मला खाली उतरवलं आणि दुसऱ्या खेपेला एकटे गेले.