नऊ छेद सोळाचा पाना

व्हर्ना टटल यांनी पाइन फोर्कच्या शाळेत एकतीस वर्षं चौथीला अपूर्णांक शिकवले, तेही एकाच पद्धतीनं. फळ्यावर दोन अपूर्णांक, त्यांचा तिरका गुणाकार, भोवती फुलपाखराचे पंख. पोरांना पंख आवडत. अंश-छेदाचं कुणाला काय कळलं याची चौकशी बाईंनी फारशी केली नाही. उत्तर बरोबर आलं ना, मग झालं तर!

अशा बाईंच्या वर्गावर जिल्ह्यानं गणिताची तज्ज्ञ पाठवली. ग्रेटा लिंडक्विस्ट, वय एकोणतीस. बाईंचा पाराच चढला. "माझ्या मुलीपेक्षा लहान, आणि ही मला शिकवणार!" शिक्षकांच्या खोलीत कॉफी ओतताना त्या म्हणाल्या, ग्रेटाला ऐकू जाईल अशा बेतानं.

ग्रेटानं ते ऐकलं आणि टेबलावरचा कागद पुढे ओढला. ओपल हॅगर्टीला सोमवारपासून गणिताच्या तासाला कच्च्या मुलांच्या गटात बसवावं, अशी शिफारस होती. खाली बाईंची सही.

"बाई, हा शुक्रवारी जाणार ना? मग उद्याचा एक तास मला द्या."

"घे की. पोरीच्या डोक्यात अपूर्णांक शिरतच नाहीत. तूही बघ कपाळ बडवून."

दुसऱ्या दिवशी ग्रेटानं खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला एक. मुलांनी आपापलं कार्ड कपड्यांच्या चिमट्यानं योग्य जागी लावायचं. अर्धा मधोमध लागला, पाच छेद आठ त्याच्या जरा पुढे. नऊ छेद सोळा मिळालेली मुलगी मात्र तडक एकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आकडे मोठे ना!

"अगं ए, तिथे कुठे चाललीस!" ओपल उठली, तिच्या हातून कार्ड घेतलं आणि अर्धा आणि पाच छेद आठ यांच्यामध्ये लावून टाकलं.

"कशावरून गं?" बाईंनी विचारलं. "गुणाकार कुठे केलास?"

"गुणाकार कशाला, बाई? गॅरेजात बाबांना पाने मीच देते. अर्ध्या इंचाचा पाना नटावर बसेना आणि पाच छेद आठचा नुसताच गरगरला, की हा द्यायचा."

ग्रेटानं बाईंकडे न बघता पुढचं कार्ड उचललं. तेवढी समज तिला होती.

शाळा सुटल्यावर बाई शिफारशीचा कागद घेऊन बाहेर आल्या. ओपलचे वडील ड्वाइट गाडीला टेकून उभे होते. एकेकाळी तेही बाईंच्याच वर्गात होते. बाईंना बघून त्यांनी टोपी काढली.

"त्या गटाचं कळलं, बाई. बसवा खुशाल. आमच्या रक्तातच नाही ते. तुम्हीच लिहिलं होतंत ना माझ्या प्रगतिपुस्तकावर, याला अपूर्णांक झेपणार नाहीत म्हणून? त्यानंतर मी गणिताच्या वाटेला गेलोच नाही."

बाईंना ते लिहिलेलं आठवेना. याचीच त्यांना जास्त लाज वाटली. गाडीच्या मागच्या फळीवर पाने मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं.

"हे असे कुणी लावले रे?"

"मीच. रोज लावतो. का?"

बाईंनी कागद तिथेच फळीवर ठेवला आणि आपली सही खोडली.

"मी चुकीचं लिहिलं होतं, ड्वाइट."

"ओपलचं?"

"आधी तुझं," बाई म्हणाल्या.