खाला मोटरला भ्यायच्या

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शेजारच्या खाला विंचवाला भीत नसत, पण पाण्याच्या मोटरला भीत. गल्लीत कुणी नळाच्या लाइनला मोटर लावली की हातातलं काम टाकून त्या दारात येत आणि ओरडत, "आधी नळाला पाणी आलं का बघा गं!" आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

पाण्याच्या दिवशी त्यांची रीत ठरलेली. नळ सोडायचा, बादलीत धार पडू द्यायची, मग तळहातावर पाणी घेऊन हुंगायचं. त्यानंतर मोटरचं बटण. "मोटर रिकामी येत नाय, बेटा," त्या म्हणत. "रिकाम्या ग्लासात स्ट्रॉ घालून ओढ, हवा तरी येतीच ना तोंडात? आपला पाइप गटारातून गेलाय, जागोजागी चिरलाय. ओढलं तेवढं कुठून तरी येणारच."

त्या दिवशी पाण्याची वेळ टळून गेली होती. ह्यांचा धीर सुटला आणि नळ न पाहताच ह्यांनी मोटर लावली. हौदात पाणी पडू लागलं तेव्हा आम्हाला कोण आनंद! तेवढ्यात खाला धावत आल्या. "गल्लीत कुणाकडंच पाणी नाय, मग तुमच्याकडं आलं कुठून?"

मी वळून पाहिलं. माझी लहानगी मिनी पाणी पिऊन रिकामा पेला हातात धरून उभी होती. खालांनी हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. वास कळेना, म्हणून तोंडात घेतलं आणि थुंकलं. "बंद कर मोटर," एवढंच म्हणाल्या.

कावीळ व्हायची असेल तर दिसायला काही आठवडे लागतात, असं डॉक्टर म्हणाले. ते आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी खाला यायच्या, मिनीला उन्हात उभं करायच्या आणि पापणी खाली ओढून बघायच्या. "पांढरेशुभ्र हैत. अल्ला का करम है." मग कुठे माझ्या घशाखाली चहा उतरायचा.

एका सकाळी मिनीचे डोळे पाहून त्या हसत माझ्याकडे वळल्या. ऊन त्यांच्या तोंडावर होतं. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

त्या वयात त्यांना ते दुखणं झेपलं नाही. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

मिनी आता शाळेत जाते. नळाला पाणी आलं की आधी तळहातावर घेऊन हुंगते. आणि शेजारी कुठे मोटर घरघरली, की मी अजूनही तिला उन्हात नेते आणि तिची पापणी खाली ओढून बघते.